मास्तर सोडून सगळं मिळेल

परभणीच्या जिल्हा परिषदेत अधूनमधून शाळा भरते. जिल्हा परिषदेची शाळा नव्हे; ती गावात असते, तिच्याकडे येऊच. ही शाळा साहेबांच्या दालनाबाहेर, व्हरांड्यात भरते. गावात शिक्षक नाही, अर्ज देऊन देऊन चपला झिजल्या, मग एक दिवस पालक टेम्पो ठरवतात, लेकरं दप्तरासकट आणतात आणि फरशीवर रांगेनं बसवतात. पाढे सुरू होतात. बे एके बे वरच्या पट्टीत गेलं की आतल्या आढावा बैठकीत कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही. (तसं एरवीही फार काही बोललं जात नाही.) हा काही परभणीचा शोध नव्हे. मराठवाड्यात कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी हा प्रयोग पाहायला मिळतो.

विशेष म्हणजे त्याला गुण येतो. दोन वर्षांत अर्जांनी जे झालं नाही ते पाढे दोन तासांत करतात. अधिकारी बाहेर येतात, पुढच्या पोराला 'कितवीत रे तू?' असं विचारतात, फोटो होतो आणि प्रतिनियुक्तीचं पत्र निघतं. गावाला मास्तर मिळाला! कुठून मिळाला? शेजारच्या गावातून. त्या गावाला हे कळायला आठवडा लागतो आणि टेम्पो ठरवायला आणखी एक.

मास्तर सोडला तर आमच्या शाळांना कमी कशाची आहे? योजनांना तोटा नाही. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' आली, भिंती रंगल्या, परसबागेत मेथी उगवली. मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून लेकरांनी सेल्फी काढायचा आणि तो संकेतस्थळावर चढवायचा, हेही झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आली. उद्योगपतींनी सरकारी शाळा दत्तक घ्यावी, असा विचार. विचार थोर आहे, पण परभणी जिल्ह्यात उद्योगपती शोधायचा कुठं? दत्तक जायला शाळा तयार आहेत, मांडीवर घ्यायला मात्र दोन-चार जिनिंगवाले, आणि त्यांचंच यंदा कापसाच्या भावानं कंबरडं मोडलंय.

मग 'एक राज्य, एक गणवेश'. २०२४-२५ च्या शाळावर्षासाठी सरकारनं ठरवलं, कापड आम्हीच घेणार, बेतून आम्हीच देणार, शिवायचं बचत गटांनी. गणवेश आले तेव्हा पावसाळा सरत आला होता. पहिलीच्या पोराला चौथीचा सदरा आणि चौथीच्या पोराला पहिलीची चड्डी. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारनं गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. लेकराचं माप लेकराच्या गावात घ्यावं लागतं, एवढी गोष्ट मंत्रालयाला सहा महिन्यांत कळली. मंत्रालयाच्या मानानं हे लवकरच म्हणायचं.

गंगाखेडहून पालमकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की अशी एखादी शाळा सापडते. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की नोटीस निघते, आणि नोटीस मास्तरलाच निघते.

खोल्या तीन. एकीचा पत्रा गेल्या वादळात उडाला, ती कुलूपबंद. दुसरीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, जुने बाक, मतदानाच्या वेळी राहिलेला पुठ्ठ्याचा आडोसा. तिसरीत पहिली ते चौथी. भिंतीवर मोठा टीव्ही आहे, त्याच्या काचेवरचं कागदी लेबल अजून निघालेलं नाही, कारण तो आल्यावर महिनाभरात बिल थकलं म्हणून वीज तोडली. डिजिटल शाळेचा फलक बाहेर आहेच. त्याला वीज लागत नाही.

मास्तर दोन मंजूर, हजर एक. दुसरी जागा बदलीनं रिकामी झाली ती झालीच. सकाळी परिपाठ होतो, 'खरा तो एकचि धर्म' होतं, आणि मग मास्तरचा फोन सुरू होतो. हजेरी ऑनलाइन. खिचडी शिजली की किती ताटं झाली ते पोषण आहाराच्या ॲपमध्ये भरायचं. यू-डायसमध्ये बाकांची, नळांची, संडासांची संख्या. अपार आयडीसाठी पालकांचं संमतिपत्र. उल्लासमध्ये गावातल्या निरक्षरांची नावं. मतदारयादीचं काम वेगळं, कारण मास्तर बीएलओ आहेत. व्हॉट्सॲपवर केंद्राचा गट, बीटाचा गट, तालुक्याचा गट, आणि प्रत्येक गटावर 'तात्काळ' लिहिलेला निरोप, ज्याची मुदत काल संध्याकाळी पाचला संपलेली असते. रेंज शाळेत येत नाही, देवळाच्या कट्ट्यावर येते. म्हणून मास्तर कट्ट्यावर आणि चारही वर्ग चौथीतल्या एका चुणचुणीत पोरीच्या हवाली. ती पहिलीला अक्षरं गिरवायला लावते, दुसरीला गप्प बसवते आणि स्वतःचं पुस्तक उघडायचं राहून जातं. नातवाला सोडायला आलेली म्हातारी कट्ट्यापाशी थांबून विचारते, "गुर्जी, आज शिकिवनार का निस्ते फोटूच काढनार?"

गुरुजी हसतात. त्यांनाही उत्तर ठाऊक नसतं. दुपारी काय 'तात्काळ' येईल ते कुणी सांगावं.

२०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं तेव्हा तर मोबाइल घेऊन सगळे दारोदार होते. त्याच वर्षी ऑगस्टात सरकारनं शैक्षणिक काम कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं, याची यादी काढली. यादी आली, शाळाशाळांतून पोहोचली. ती मिळाल्याची पोच ऑनलाइन भरून द्यायची होती की नाही ते तेवढं विचारून घ्यायला हवं.

आता मास्तरांचीही थोडी. सगळे काही कट्ट्यावर बसून रेंज शोधत नसतात. मुख्यालयी राहावं असा नियम आहे, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आहे, घरभाडं सुरू आहे, आणि संध्याकाळी साडेपाचला सगळी फौज परभणीच्या वसमत रोडवर भाजी घेताना भेटते. गंगापूरच्या आमदारांनी २०२२ मध्ये हा विषय विधानसभेत काढला तेव्हा मोर्चे निघाले. मोर्चाला जी गर्दी होती ती मुख्यालयातूनच आली असणार, ठराव तसाच सांगतो. स्वतःचं लेकरू मात्र इंग्रजी शाळेत. जिथं शिकवतो तिथं आपलं पोर घालायची ज्याची छाती होत नाही, त्यानं पट का घटला म्हणून दुसऱ्याला विचारू नये.

पट! सगळं त्याच्याभोवती फिरतं. आमच्या शाळेचा सगळा कारभार या दोन अक्षरांवर चालतो. पट किती त्यावर संचमान्यता (म्हणजे शिक्षकांची मंजूर पदं), संचमान्यतेवर शिक्षक, शिक्षकावर शाळा. सरकारचा हिशेब सरळ आहे: पट कमी म्हणून शिक्षक कमी. गावाचा हिशेब त्याच्या बरोबर उलटा: शिक्षक कमी म्हणून पट कमी. चार वर्गांना एक मास्तर आणि तोही निम्मा वेळ फोनवर, हे दिसलं की ज्याच्याकडे विकायला चार क्विंटल कापूस आहे तो पोराला पिवळ्या बसमध्ये बसवतो. ज्याच्याकडे नाही त्याचं पोर मागे राहतं. मागे राहिलेल्यांना मोजून सरकार म्हणतं, बघा, लोकांना शाळा नकोच आहे.

शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंत ६० मुलांना दोन शिक्षक सांगितलेत; सहावी ते आठवीला विषयांचे वेगळे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला तर शिक्षक शून्य, असं गणित मांडलं. शून्याचा शोध भारतानं लावला हे आम्ही शाळेत शिकलो. त्याचा असा उपयोग होईल हे आर्यभटाला सुचलं नसतं. पुढे ५ सप्टेंबर २०२४, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, दुसरा निर्णय आला. छोट्या शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक जण कंत्राटी घ्यावा, महिना १५ हजार. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी हे पत्र. शिक्षक २५ सप्टेंबरला सामूहिक रजेवर गेले, निर्णय आधी पातळ झाला आणि मग गुंडाळला गेला.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४,७८३ असल्याचं २०२३ मध्ये सांगितलं गेलं. त्यांत मुलं १ लाख ८५ हजारांवर. तेव्हा या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम निघाली. पाच-सात गावांची मिळून एक मोठी शाळा, तिथं खेळाचं मैदान, संगणक, गाडीनं ने-आण. कागदावर झकास. पण हा कागद ज्यानं लिहिला त्यानं जुलै-ऑगस्टात पूर्णा किंवा पालम तालुक्यातला कच्चा रस्ता पाहिलेला नाही. काळी माती भिजली की बैलगाडी रुतते, तिथं शाळेची गाडी सात वर्षांच्या पोरीला घ्यायला येणार. गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्या तर सोडाच, साधा ओढा चार दिवस गाव तोडून ठेवतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. पहिली-दुसरीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावरच लागते. आणि गाडी नाही आली की कोण घरी राहतं, पोरगा की पोरगी, हे सांगायला समिती नेमायची गरज नाही.

कमी पटाची शाळा बंदच करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातलं जालिंदरनगर पाहावं. २०२२ मध्ये या जिल्हा परिषद शाळेत तीन मुलं उरली होती. तीन! आमच्या गणितात ही शाळा केव्हाच पोत्यात भरून समूहात टाकली असती. तिथं दत्तात्रय वारे गुरुजी गेले, तेच वाबळेवाडीचे. गाव उभं राहिलं, पट शंभराच्या पुढे गेला, आणि २०२५ मध्ये या शाळेला जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. हेच वारे गुरुजी त्याआधी वाबळेवाडी नावारूपाला आणून निलंबित झाले होते. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि पुढे परदेशी अभ्यासासाठी रजा मागितली तर तिचाच तंटा झाला. म्हणजे मास्तरनं काही केलं नाही तर कुणी विचारत नाही. केलं तर आधी त्याचं हजेरीपत्रक मागवतात. आमच्या पालम-जिंतूरकडच्या शहाण्या मास्तरांनी यातून काय धडा घ्यायचा तो घेतलेला आहे.

पटाच्या मागे लागणं जुनंच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये पटपडताळणी झाली. नांदेडला आधी करून पाहिलं, मग तीन दिवस सगळ्या राज्यात. लेकरांच्या बोटाला मतदारासारखी शाई लावली, म्हणजे दुपारी दुसऱ्या शाळेत जाऊन पुन्हा हजर नको. पटावरची २० लाखांच्या घरात मुलं शाळेत सापडलीच नाहीत. काही आजारी, काही गावाला, आणि बरीचशी जन्मालाच न आलेली. संस्थाचालकांचे वाडे कोणत्या लेकरांच्या जिवावर उभे होते ते त्या तीन दिवसांत कळलं.

त्यावर उपाय म्हणून आधार आलं. आता पट म्हणजे ज्याचं आधार जुळलं तेवढाच. झालं काय, की वर्गात मांडी घालून बसलेलं पोर पटावर नाही. आधारवर नाव 'गनेश', दाखल्यावर 'गणेश', यंत्र म्हणतं ही दोन वेगळी माणसं. बोटांचे ठसे उठत नाहीत, जन्मतारीख चुकलेली, आई-बाप उसाच्या फडावर, दुरुस्तीला तालुक्याला नेणार कोण? एका अक्षरापायी शाळेचा पट एकोणीस होतो आणि एक मास्तर कमी होतो. खोटी पोरं गाळायला जाळी लावली, त्यात गरिबाची खरी पोरं गळाली.

आणि ज्यांचं आधार चोख जुळतं ती कुठं असतात? अकरावी-बारावीला. आडगावांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन पाहा, विज्ञान शाखेचा पट काठोकाठ, वर्गात चिटपाखरू नाही. नाव इथं, पोरगं लातूरच्या नाहीतर नांदेडच्या क्लासमध्ये. जून २०१८ मध्ये सरकारनं बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. यंत्रं आली, भिंतीवर बसली, बहुतेक त्यांनाही एकटं वाटत असावं. ही पोरं फेब्रुवारीत परीक्षेला मात्र झाडून हजर. मग भरारी पथकं, चित्रीकरण, २०२५ पासून वर ड्रोनही. वर्षभर वर्गात कुणी नव्हतं तेव्हा हा ड्रोन कुठं होता, असं मनात येतं. प्राथमिकला लेकरं आहेत तर मास्तर नाही. वरती मास्तर, मान्यता, अनुदान सगळं आहे आणि लेकरं नाहीत. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की राज्याची सरासरी छान येते.

उसाचं सांगायला हवं, कारण ते पुण्या-मुंबईच्या शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चेत फारसं येत नाही. दसरा झाला की गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या टोळ्या हलतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. ट्रकवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरं. मार्चच्या पुढे कारखान्याचा पट्टा पडला की परत. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळं फडात. मोठी पोरगी फडावर धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते. शाळेत तिचं नाव पटावर असतं. मास्तर कनवाळू असला तर हजेरीही असते.

पूर्वी साखरशाळा होत्या. जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात त्या चालवल्या. नंतर शिक्षणहक्काचा कायदा आला आणि लेकरं जवळच्या नियमित शाळेत जावीत, असं ठरलं. सोबत शिक्षण हमी पत्रक द्यायचं, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं पोराला बसवून घ्यायचं. खोपीतून शाळा चार किलोमीटर, ट्रक पहाटे तीनला येणार, आणि पत्रक पेटीच्या तळाशी. यावर खरा इलाज एकच सापडलेला आहे, तो आमच्याच भागात सापडलेला आहे, आणि तो स्वस्तही आहे: हंगामी वसतिगृह. पोर गावातच, रात्री आजीकडे, दोन वेळचं जेवण शाळेकडून. आई-बापाला एवढंच हवं असतं की मागे पोर उपाशी राहू नये. पण टोळी दसऱ्याला निघते आणि मंजुरीची फाईल थंडी बघून निघते. वसतिगृह सुरू होतं तेव्हा पोरं बारामतीकडं पोहोचलेली असतात. हा कार्यक्रम जून महिन्यात मंजूर करायला कोणता ग्रह आडवा येतो ते कळत नाही. ऊस कधी तोडायचा हे कारखान्याला आधी कळतं, सरकारला कळत नाही, असं थोडंच आहे? कारखाने कुणाचे आहेत!

आता जनाबाईच्या गंगाखेडात आहोत तर पोरींचा एक हिशेब. १९९२ पासून आपल्याकडे मुलींना उपस्थिती भत्ता आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या, पहिली ते चौथीतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया. वर्षाला फार तर २२० रुपये. उद्देश हा की घरच्यांनी पोरीला कामाला न लावता शाळेत धाडावं. १९९२ मध्ये ते समजण्यासारखं होतं. तेव्हापासून आमदारांचं मानधन किती वेळा वाढलं ते मोजायला दोन हात पुरणार नाहीत. पोरीचा रुपया तेवढा अढळ राहिला. ध्रुवबाळानंतर अढळपद मिळवणारा तो दुसराच. त्यातच अट अशी की हजेरी ७५ टक्के हवी. मास्तरच्या हजेरीला अशी अट असती तर आम्ही त्याच्या खिशात रोज रुपया टाकला असता.

खिचडी शिजवणाऱ्या बाईला महिना अडीच हजार. तिच्यावर अख्खी शाळा चालते. मास्तर बैठकीला गेला तर शाळा भरते, ती आली नाही तर भरत नाही.

पिवळ्या बसच्या शाळांबद्दल थोडं, आणि इथं चेष्टा पुरे. जुलै २०२५ मध्ये पूर्णा तालुक्यात झिरो फाट्यावरच्या एका निवासी शाळेत एक बाप आपल्या लहान मुलीचा टीसी आणि भरलेल्या फीतले पैसे परत मागायला गेला. तिथं त्याला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. संस्थाचालकांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पुढचं न्यायालय बघेल. चार दिवस जिल्हा हळहळला, निवेदनं दिली गेली, आणि जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होतातच.

टीसी हे आमच्याकडे ओलीस ठेवायचं कागदपत्र झालंय. फी बाकी, टीसी नाही. भांडलात, टीसी नाही. शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं की दाखला मुख्याध्यापकानं ताबडतोब द्यायचा आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला पोराचा प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे टीसीशिवायही ते लेकरू गावच्या शाळेत दुसऱ्या दिवशी बसू शकतं. हे त्या बापाला कुणी सांगितलं होतं का? शाळेच्या रंगवलेल्या भिंतीवर सूर्यमाला आहे, सुविचार आहेत, मंत्र्यांची नावं आहेत. एवढी एक ओळ जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या दारावर, सरकारी असो की खासगी, लिहायला किती रंग लागतो?

तिकडे १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ज्या शिक्षकांच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त उरलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर शोककळा पसरली. वीस-वीस वर्षं शिकवणारे गुरुजी आता मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिका सोडवतात आणि पोरं त्यांना गणितं विचारायला घाबरतात. माझं विचाराल तर परीक्षा व्हावी. पोरांची दर महिन्याला घेता, तर तुमची एकदा झाली म्हणून काय बिघडलं? फक्त परीक्षा घेणाऱ्यांचीही एकदा घ्या. २०१९ च्या टीईटीत पैसे मोजून पास झालेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार पुढे अपात्र ठरले होते, आणि अटक झाली ती परीक्षा परिषदेच्या वरिष्ठांना.

सुधारायचं तर काय करायचं, असं विचारणारे सज्जन भेटतात. त्यांना नवं धोरण हवं असतं, शक्य झालं तर फिनलंडचं. फिनलंडला राहू द्या. पंधरा जूनच्या आत रिकाम्या जागा भरा आणि वर्षाच्या मध्ये मास्तर उचलू नका. कमी पटाच्या शाळेला निदान तीन वर्षं दोन शिक्षक देऊन बघा, मग पट मोजा. माहिती भरायला केंद्रामागे एक संगणक चालवणारा माणूस ठेवा, परभणीत डी.एड. झालेली बेकार पोरं टपरीवर बसलेली आहेत, त्यांतलेच घ्या. वसतिगृहाची मंजुरी टोळीच्या आधी निघू द्या. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याच्या एक तारखेला तीन आकडे खडूनं लिहा: मंजूर मास्तर किती, हजर किती, आणि गेल्या महिन्यात शिकवणं सोडून दुसऱ्या कामाला गेले ते दिवस किती. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात. त्यांना हे तीन आकडे वाचता आले तरी पुष्कळ. त्या म्हातारीसारखं एकेकीनं विचारायला सुरुवात केली की टेम्पोचं भाडं वाचेल.

यातलं काहीच खर्चाचं नाही, म्हणून होणं अवघड आहे. ज्यात टेंडर नाही त्या सुधारणेला वाली नसतो.

तोवर जनगणना येऊन ठेपली आहे. २०२१ ची राहिलेली, आता २०२७ ला. मोजणार अर्थातच मास्तर. कायद्यानं जनगणना आणि निवडणुकीला त्यांना घ्यायची मुभा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पाटी-पेन्सिल पोरीच्या हवाली करून आमचे गुरुजी दारोदार जातील आणि प्रत्येक घरात विचारतील, लिहिता-वाचता येतं का? २०११ मध्ये परभणी जिल्ह्याचा आकडा ७३ टक्के होता, राज्याचा ८२. या वेळचा किती येतो ते मोजून झालं की गुरुजी परत वर्गावर येतील, मधे एखादी निवडणूक लागली नाही तर.